आ फ्लोर दे पिएल

'आ फ्लोर दे पिएल' ही कोलंबियाच्या शिल्पकार दोरिस साल्सेदो (जन्म: १९५८, बोगोता) यांची गुलाबाच्या पाकळ्यांपासून घडवलेली शिल्पकृती आहे. हजारो पाकळ्या हाताने एकमेकींना शिवून तयार केलेले हे गडद तांबडे वस्त्र जमिनीवर चुण्यांसह पसरलेले असते. इ.स. २०११ नंतरच्या काही वर्षांत या कृतीच्या एकाहून अधिक आवृत्त्या तयार झाल्या.

शीर्षक

हा एक स्पॅनिश वाक्प्रचार आहे. भावना लपवता न येण्याइतकी त्वचेच्या पृष्ठभागावर येणे, असा त्याचा आशय आहे. 'फ्लोर' म्हणजे फूल आणि 'पिएल' म्हणजे त्वचा.

पार्श्वभूमी

कोलंबियात १९६०च्या दशकापासून सरकारी सैन्य, गनिमी संघटना आणि निमलष्करी दले यांच्यात दीर्घकाळ सशस्त्र संघर्ष झाला. त्यात असंख्य माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. अशाच एका परिचारिकेला छळ करून ठार मारण्यात आले. तिचा मृतदेह कधीही सापडला नाही. अंत्यसंस्कार न लाभलेल्या या स्त्रीसाठी साल्सेदो यांनी हे कफन कल्पिले.

साहित्य आणि निर्मिती

गुलाबाची पाकळी तोडल्यावर काही दिवसांतच सुकते. ती लवचीक राहावी आणि तिचा रंग टिकावा, यासाठी पाकळ्यांवर रासायनिक प्रक्रिया करण्यात आली. त्यानंतर, जखम शिवताना घालतात तसे टाके घालून त्या जोडण्यात आल्या. पाकळ्यांमधील शिरा आणि टाके जवळून पाहिल्यास स्पष्ट दिसतात.

आशय

सुटी पाकळी सहज फाटते. टाक्यांनी जोडलेल्या पाकळ्यांचे मात्र वस्त्र होते. या कृतीतील चिवटपणा साहित्याच्या कठीणपणातून येत नाही. तो प्रत्येक टाक्यामागील श्रम, काळजी आणि संयम यांतून येतो. टाक्यांचा संबंध परिचारिकेच्या व्यवसायाशीही जोडता येतो. हिंसेने जे शरीर नाहीसे केले, त्याची जागा हे वस्त्र भरून काढत नाही. ती जागा रिकामी आहे, याचे भान ते जागते ठेवते. दगडी किंवा धातूच्या स्मारकाला सहसा देखभाल फारशी लागत नाही. हे स्मारक मात्र सतत जपावे लागते. त्यामुळे स्मरण ही एकदाच उरकण्याची गोष्ट राहत नाही.

संबंधित कृती

'प्लेगारिया मुदा' (२००८–१०) या मांडणशिल्पात, एकावर एक उलट्या ठेवलेल्या मेजांच्या फटींतून गवताची पाती उगवतात. 'डिसरिमेम्बर्ड' या मालिकेत कच्च्या रेशमात हजारो सुया विणून अर्धपारदर्शक वस्त्रे केली आहेत. शिकागोमध्ये बंदुकीच्या हिंसाचारात मुले गमावलेल्या मातांशी झालेल्या संवादांतून ही मालिका आकारास आली.