मोटारी धुण्याच्या जागेचें सांडपाणी : पाहणी व निगा

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडील रस्ते रुंद झाले आणि रस्त्याला लागून असलेल्या जमिनीला नवें मोल आलें. ज्या बांधाच्या कोपऱ्यावर पूर्वीं बाभळीखेरीज कांहीं नव्हतें, तेथें आज चहाची टपरी, पंक्चरचें दुकान आणि त्यांच्या शेजारीं मोटारी व ट्रॅक्टर धुण्याचें ‘वॉशिंग सेंटर’ दिसतें. ही जागा बहुधा शेतकऱ्याचीच असते. कोणी ती भाड्यानें देतो, कोणी आपल्या मुलाला हा धंदा घालून देतो. त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु धुतलेल्या गाडीचा मळ कोठें जातो, हा प्रश्न भाडें ठरवितांना कोणी विचारीत नाहीं, आणि त्याचें उत्तर पुढें शेजाऱ्याच्या विहिरींत सांपडतें.

हें लिहिण्यास कारण आमच्याच घरीं घडलेली गोष्ट. माझ्या पुतण्यानें रस्त्याकडील पांच गुंठे जागा गाड्या धुण्यासाठीं एकास भाड्यानें दिली. दोन वर्षें सुखानें गेलीं. तिसऱ्या पावसाळ्यांत उताराकडील शेजारी तात्या एके सकाळीं तांब्याभर पाणी घेऊन माझ्याकडे आले. पाण्यावर रंगीबेरंगी तवंग होता. “भाऊसाहेब, तुमचा जन्म कचेरींत गेला. हें पाणी पाहा आणि अर्ज कोणाकडे करूं तें सांगा,” असें ते म्हणाले. पुतण्यास बोलाविलें, तर तो म्हणाला, “काका, तो तवंग लोखंडाचा आहे, तात्यांच्या विहिरींत जुना पाइप आहे. आपण तर तीन कप्प्यांचा पक्का खड्डा बांधून घेतला आहे.” दोघांपैकीं कोणीही खोटें बोलत नव्हता. माझी उभी नोकरी पंचनाम्यांचे कागद सांभाळण्यांत गेलेली. तेव्हां अर्जाच्या आधीं जागा पाहावी, असें मीं सुचविलें व तें दोघांनीं मानलें.

प्रथम तवंगाची परीक्षा केली. ती कोणासही करतां येईल अशी आहे. तवंगांत एक काडी फिरवावी. लोहयुक्त पाण्यांतील जंतूंमुळें आलेला तवंग काचेच्या पापुद्र्यासारखा फुटतो व त्याचे तुकडे वेगवेगळेच राहतात. तेलाचा तवंग काडीमागें फाटतो खरा, पण लागलाच पुन्हां एक होतो. तात्यांच्या विहिरीवरील तवंग पुन्हां एक झाला. पुतण्या कांहीं बोलला नाहीं.

आतां खड्ड्याचें काम कसें चालतें तें समजून घेतलें पाहिजे. त्यावांचून पाहणी कशाची करावयाची हें कळणार नाहीं. गाडी धुतलेल्या पाण्यांत मुख्यतः तीन पदार्थ असतात : माती, तेल-वंगण आणि साबण. पहिला कप्पा मातीसाठीं असतो. वाळूचा बारीक कण कांहीं सेकंदांत तळ गांठतो. परंतु आपल्या काळ्या मातींतील चिकण कण इतके सूक्ष्म असतात कीं, स्थिर पाण्यांतसुद्धां त्यांस चार बोटें, म्हणजे सुमारें १० सेंटिमीटर, खालीं जाण्यास आठ तास लागतात. दुसरा कप्पा तेलासाठीं असतो. तेल पाण्याहून हलकें असल्यामुळें वर येतें. पण तें किती वेगानें येईल हें थेंबाच्या आकारावर अवलंबून आहे. थेंबाचा व्यास दहापट लहान झाला, तर त्याचा वर येण्याचा वेग शंभरपट मंदावतो. साबणाची पूड अधिक टाकली किंवा जोराचा फवारा मारला म्हणजे तेलाचे थेंब बारीक होऊन पाण्यांत मिसळून राहतात व कप्प्यांतून निसटतात. तिसरा कप्पा हा शेवटच्या निवळणीचा व पाहणीचा असतो.

तेव्हां पाणी खड्ड्यांत पुरेसा वेळ थांबलें पाहिजे. याचा हिशेब सोपा आहे. समजा, दोन नळ्या चालूं असून प्रत्येकींतून मिनिटास २० लिटर पाणी पडतें. म्हणजे मिनिटास ४० लिटर. तें एक तास थांबावयाचें तर २,४०० लिटर पाणी मावलें पाहिजे. अडीच मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर पाण्याच्या खोलीचा खड्डा यास पुरतो. परंतु त्यांत निम्मा गाळ सांचला, तर तो निम्म्याच मापाचा खड्डा झाला, हें कोणी ध्यानांत घेत नाहीं.

आमच्या पाहणींत नेमकें हेंच आढळलें. खड्डा चांगला बांधलेला होता; पण बांधल्यापासून एकदांही उपसलेला नव्हता. पहिल्या कप्प्यांत बांबू घातला तो हातभर पाण्यांतून जाऊन गाळांत रुतला. दुसऱ्या कप्प्यावर काळ्या तेलाचा जाड थर होता. दुसऱ्या कप्प्यांतून तिसऱ्यांत जाणारी नळी अशी असावी लागते कीं, तिचें तोंड पाण्यांत खालीं बुडलेलें राहील. म्हणजे वरचें तेल अडतें व खालचें पाणी पुढें जातें. हा खालीं वळलेला तुकडा, ज्यास गवंडी ‘बेंड’ म्हणतात, तुटून पडलेला होता. त्यामुळें वरचें तेलच सरळ पुढें जात होतें. आणि पुढें काय होतें? मुरुमांत खणलेला एक शोषखड्डा.

या शोषखड्ड्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. आपल्या दख्खनच्या पठारावर मुरुमाखालीं काळा कातळ असून त्यास भेगा असतात. विहिरीस पाणी येतें तें याच मुरुमांतून व भेगांतून. वाळूच्या थरांतून पाणी गाळलें जातें तसें तें कातळाच्या भेगेंतून गाळलें जात नाहीं. जसें शिरतें तसेंच वाहत जातें. म्हणून तेलकट पाणी शोषखड्ड्यांत सोडणें म्हणजे उताराकडील विहिरीस पाट काढून देणें होय. कोरड्या बोअरमध्यें असें पाणी सोडणें हें तर त्याहूनही वाईट.

पावसानें उरलेली कसर भरून काढली होती. धुण्याचा ओटा उघडा होता. ओट्याची लांबी १० मीटर व रुंदी ६ मीटर. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला कीं १,५०० लिटर पाणी जमतें. एवढें पाणी एकाएकीं खड्ड्यांत शिरलें म्हणजे गाळ व तेल ढवळून सगळें बाहेर पडतें. म्हणून ओट्यावर पत्र्याचें छप्पर व भोंवतीं वीतभर उंचीचा कठडा हवाच. आसपासचें पावसाचें पाणी वेगळ्या चरानें न्यावें. तें खड्ड्यांत येतां कामा नये.

आतां नियमित पाहणीचा क्रम सांगतों.

रोज संध्याकाळीं ओट्यावरील जाळींतला कचरा व चिखल काढावा. चिखल सुका असतांना फावड्यानें काढला तर तो खड्ड्यांत जात नाहीं. ट्रॅक्टर धुण्यापूर्वीं चाकांची माती खरवडून काढण्याचा नियम ठेवावा. गाडीच्या खालच्या अंगास डिझेलचा फवारा मारण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे. ती बंद करावी.

आठवड्यांतून एकदां खुणा केलेली काठी पहिल्या कप्प्यांत उभी घालावी. काठी जेथें अडखळते तेथपासून तळापर्यंत गाळ समजावा. गाळ एकंदर खोलीच्या चौथ्या भागाइतका झाला कीं उपसण्याची वेळ झाली. तेलाचा थर मोजण्यास पारदर्शक नळी उभी बुडवावी, वरचें तोंड अंगठ्यानें दाबून ती बाहेर काढावी. आंत तेलाचा थर वेगळा दिसतो. तो बोटभर होण्यापूर्वींच काढून झांकणाच्या पिंपांत भरावा. त्याच वेळीं बेंड जागेवर आहे कीं नाहीं हें हातानें चांचपून पाहावें, व तिसऱ्या कप्प्यांतील पाणी काचेच्या पेल्यांत घेऊन उन्हांत धरावें.

पावसाळ्यापूर्वीं, मे महिन्यांत, सर्व कप्पे रिकामे करून भिंतींच्या भेगा पाहाव्या. कप्पा भरून रात्रभर ठेवावा. सकाळीं पाण्याची पातळी खुणेच्या बरीच खालीं गेली असेल तर खड्डा झिरपतो असें समजावें.

उपसतांना एक सावधगिरी जिवाची आहे. झांकलेल्या खड्ड्यांत कुजलेल्या गाळाचा विषारी वायु व पेट्रोलची वाफ सांचते. सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायु अधिक झाला म्हणजे नाकाची शक्ति जाऊन तो वास येईनासा होतो. वास गेला म्हणून धोका गेला असें समजूं नये. मनुष्यास आंत उतरवूं नये. लांब दांड्याचें घमेलें किंवा पंप वापरावा आणि जवळपास विडी पेटवूं देऊं नये.

गाळ म्हटला कीं आपला हात शेताकडे वळतो. तळ्याचा गाळ शेतांत टाकण्याची आपली रीतच आहे. पण हा गाळ तो नव्हे. यांत तेल व धातूंचे अंश असतात. तेलानें मातीचीं छिद्रें बुजतात व मुळांस हवा मिळत नाहीं. साबणांतील सोड्यानें काळी माती अधिकच चिकट व आवळ होते. म्हणून तो शेतांत वा उकिरड्यावर टाकूं नये. वापरलेलें तेल व तेलकट गाळ यांस २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम लागूं आहेत. तीं अधिकृत परवानाधारकासच द्यावीं व पावती घ्यावी.

निवळलेलें पाणी अस्तर केलेल्या टाकींत घेऊन पुढील गाडीच्या पहिल्या धुण्यास वापरावें, हा उत्तम मार्ग. थोडी तुरटी फिरविल्यास चिकण माती लवकर बसते. उरलेलें पाणी मंडळाच्या संमतिपत्रांत लिहिलेल्या ठिकाणींच सोडावें. ओढ्यांत किंवा ओलितास सोडावयाच्या पाण्यांत तेलाचें प्रमाण लिटरास १० मिलिग्रॅमहून अधिक असूं नये, असें सरकारी मान आहे. हें डोळ्यांस दिसणारें माप नव्हे. म्हणून वर्षांतून एकदां तरी प्रयोगशाळेंत पाणी तपासावें.

जमीन भाड्यानें देणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा घाण पाणी विहिरींत, प्रवाहांत किंवा जमिनीवर सोडणारासच नव्हे, तर जाणूनबुजून सोडूं देणारासही मना करतो. “मी केवळ भाडें घेतों” हें उत्तर पुरत नाहीं. भाडेपत्रांत खड्डा उपसण्याची जबाबदारी कोणाची, पाहणीचा हक्क कोणाचा, हें स्पष्ट लिहावें. जमिनीच्या अकृषिक वापराविषयींचे नियम अलीकडे वारंवार बदललेले आहेत. ते तहसील कचेरींत विचारून मगच करार करावा.

आमच्याकडे पुढें काय झालें? शोषखड्डा बुजविला, बेंड नवा बसविला, छप्पर घातलें. तात्यांची विहीर अनेक वेळां उपसली; तो पावसाळा संपेपर्यंत त्यांच्या घरचें पिण्याचें पाणी पुतण्यानें आपल्या खर्चानें पोंचविलें. हा खर्च वर्षाच्या भाड्याहून अधिक झाला. उन्हाळ्यापर्यंत तवंग दिसेनासा झाला, तरी पाणी तपासून येईपर्यंत तात्यांनीं तें पिण्यास घेतलें नाहीं, आणि तें योग्यच होतें.

मीं एक जुनी वही आंखून दिली : तारीख, गाळ किती, तेल किती, बेंड ठीक आहे कीं नाहीं, तेल कोणास दिलें. ती धुण्याच्या जागेवर टांगलेली असते. महिन्याच्या शेवटीं तात्या स्वतः जाऊन काठी घालतात आणि वहींत सही करतात. तो अर्ज अजून त्यांच्या खिशांत आहे, असें ते हंसत सांगतात. पुतण्या मात्र तें ऐकून हंसत नाहीं, तो वही पाहतो.