शाळेतील स्थानिक जाळे आणि मोबाईल ॲपची जोडणी

प्राथमिक शाळांतून टॅबलेट व मोबाईल यांचा शैक्षणिक साधन म्हणून उपयोग होऊ लागल्याला आता बरीच वर्षे लोटली आहेत. तथापि खेड्यांतील पुष्कळ शाळांत इंटरनेटची जोडणी एक तर नसते, किंवा असली तरी ऐन तासिकेच्या वेळी तुटते. ह्या अडचणीवर एक अल्पखर्चाचा मार्ग उपलब्ध आहे. पाठ, चित्रफिती व प्रश्नसंच शाळेतीलच एका संगणकावर ठेवावयाचे आणि मुलांच्या हातांतील टॅबलेटनी ते त्या संगणकाकडून घ्यावयाचे. साहित्य एकदा संगणकावर आणून ठेवले, की पुढील नित्याच्या कामास इंटरनेटची आवश्यकता राहत नाही.

असे असूनही हा मार्ग अर्ध्यावरच सोडून दिला जाण्याचा संभव फार असतो. समजा, एका द्विशिक्षकी शाळेतील शिक्षकांनी लॅपटॉपवर सर्व सिद्धता केली. लॅपटॉपवर पाठ उत्तम दिसतो. टॅबलेटवर मात्र ‘जोडणी होऊ शकली नाही’ एवढाच निरोप उमटतो. मुले टॅबलेट घेऊन बसून राहतात आणि तासिका संपते. ‘ह्याला इंटरनेट लागतेच’ असा समज होऊन टॅबलेट कपाटात जातात. वस्तुतः अशा वेळी ॲप बिघडलेले नसते व संगणकही बिघडलेला नसतो. दोघांमधील वाटेवर कोठे तरी अडसर असतो, आणि तो कोठे आहे हे क्रमाने पाहिल्यास शिक्षकांना स्वतःच शोधून काढता येते.

जाळ्याचे घटक

एकाच राउटरला जोडलेल्या उपकरणांच्या समूहास स्थानिक जाळे म्हणतात. राउटरला बाहेरून इंटरनेटची तार जोडलेली नसली, तरी त्याचे वायफाय चालू राहते व त्याला जोडलेली उपकरणे एकमेकांशी बोलू शकतात. ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी.

ज्या संगणकावर साहित्य असते त्यावर एक कार्यक्रम सतत चालू असतो. दुसऱ्या उपकरणाने मागणी करावी आणि ह्या कार्यक्रमाने मागितलेले पान किंवा माहिती पाठवावी, असे त्याचे काम असते. त्यास वेबसेवा म्हणतात. ‘कोलिब्री’ हे ह्याचे चांगले उदाहरण होय. ‘लर्निंग इक्वॉलिटी’ ह्या अमेरिकेतील ना-नफा संस्थेने इंटरनेट नसलेल्या ठिकाणांसाठी ते तयार केले असून ते विनामूल्य मिळते. साध्या लॅपटॉपवर, तसेच ‘रास्पबेरी पाय’ ह्या छोट्या संगणकावरही ते चालते. याखेरीज काही तंत्रस्नेही शिक्षक प्रश्नमंजूषेची किंवा हजेरीची ॲप्स स्वतः तयार करतात. अशा ॲपला माहिती साठविण्यासाठी शाळेतील संगणकावर वेबसेवा ठेवावयाची असेल, तरी पुढील सर्व विवेचन तेथेही लागू पडते.

पत्ता आणि पोर्ट

जाळ्यातील प्रत्येक उपकरणास राउटर एक आयपी पत्ता देतो. त्यात बिंदूंनी विभागलेल्या चार संख्या असतात व प्रत्येक संख्या ० ते २५५ यांमधील असते, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१०. घरे, शाळा व कचेऱ्या यांतील खाजगी जाळ्यांसाठी काही पत्ते राखून ठेवण्याचा संकेत १९९६ साली निश्चित झाला. १९२.१६८ ने आरंभ होणारे पत्ते त्यांपैकीच असल्यामुळे असाच पत्ता अनेक शाळांत आढळला तरी गोंधळ होत नाही.

एका संगणकावर एकाच वेळी अनेक सेवा चालू असू शकतात. त्यांतील कोणती हवी हे पोर्ट क्रमांकावरून ठरते. आयपी पत्ता ही शाळेची इमारत मानली, तर पोर्ट हा खोलीचा क्रमांक होय. हे क्रमांक ६५५३५ पर्यंत असू शकतात. क्रमांक न लिहिल्यास एचटीटीपी पद्धतीत ८० व एचटीटीपीएस पद्धतीत ४४३ असा गृहीत धरला जातो. कोलिब्रीचा नेहमीचा पोर्ट ८०८० आहे. म्हणून पत्ता लिहिताना प्रथम एचटीटीपी, विसर्गचिन्ह व दोन तिरप्या रेघा, नंतर १९२.१६८.१.१० हा पत्ता, नंतर पुन्हा विसर्गचिन्ह व शेवटी ८०८० असा क्रम ठेवावा. येथे अंक देवनागरीत छापले आहेत. टंकताना मात्र अक्षरे व अंक इंग्रजीच वापरावेत.

‘लोकलहोस्ट’ म्हणजे स्वतःच

जोडणी न होण्याचे एक अतिशय नेहमीचे कारण ‘लोकलहोस्ट’ ह्या शब्दात दडलेले असते. लॅपटॉपवर काम करताना शिक्षक ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ किंवा १२७.०.०.१ असे लिहितात आणि पान उघडते. तोच पत्ता ते टॅबलेटवर किंवा ॲपमध्ये लिहितात आणि काहीच उघडत नाही.

ह्याचे कारण समजण्यास शाळेतीलच दृष्टान्त घ्यावा. सहावीच्या वर्गशिक्षकांनी सातवीच्या मुलास ‘आपल्या वर्गातून नकाशा घेऊन ये’ असे सांगितले, तर तो सातवीच्या वर्गात जाईल. ‘आपला’ हा शब्द बोलणाऱ्यागणिक वेगळी जागा दाखवितो. ‘लोकलहोस्ट’चेही तसेच आहे. लॅपटॉपवर त्याचा अर्थ लॅपटॉप, तर टॅबलेटवर त्याचा अर्थ टॅबलेट. ॲप ती सेवा टॅबलेटमध्येच शोधू लागते आणि तेथे ती नसल्यामुळे रिकाम्या हाती परत येते. यास्तव ॲपमध्ये नेहमी लॅपटॉपचा आयपी पत्ता द्यावा. विंडोज संगणकावर सेटिंग्जमध्ये चालू वायफायच्या माहितीत ‘आयपीव्ही४ पत्ता’ ह्या नावापुढे तो आढळतो.

सेवा कोणाचे ऐकते?

पत्ता बरोबर असूनही सेवा बाहेरील मागणी ऐकत नसेल, तर जोडणी होत नाही. स्वतः तयार केलेल्या सेवांत हा प्रकार विशेष आढळतो. पायथन भाषेतील ‘जँगो’ व ‘फ्लास्क’ ह्या साधनांचे चाचणीसाठीचे सर्व्हर मुळात १२७.०.०.१ वरच, म्हणजे केवळ त्याच संगणकाचे ऐकतात. सर्व्हर चालू करतानाच त्यास ०.०.०.० हा पत्ता द्यावा. ‘संगणकाच्या सर्व पत्त्यांवर येणारी मागणी ऐक’ असा त्याचा अर्थ होतो. जँगोमध्ये याशिवाय परवानगी असलेल्या पत्त्यांच्या यादीत लॅपटॉपचा आयपी पत्ता लिहावा लागतो. हा ०.०.०.० केवळ सर्व्हरला सांगावयाचा असतो. ॲपमध्ये तो लिहून उपयोग नाही.

ह्यापुढील पहारेकरी म्हणजे फायरवॉल. बाहेरून येणारी अनोळखी मागणी अडविणे हे तिचे काम असल्यामुळे टॅबलेटची मागणीही ती अडवू शकते. विंडोजमध्ये शाळेच्या वायफायला ‘सार्वजनिक’ असे ठरविले असल्यास हे बंधन अधिक कडक असते. ते जाळे ‘खाजगी’ करावे व संबंधित कार्यक्रमास तेवढी परवानगी द्यावी. फायरवॉल संपूर्ण बंद करून ठेवणे इष्ट नाही. तोच लॅपटॉप पुढे अन्य ठिकाणच्या वायफायला जोडला जातो व तेव्हा तो असुरक्षित राहतो.

टॅबलेटकडील अडसर

टॅबलेट व लॅपटॉप एकाच वायफायला जोडलेले आहेत काय, हे आधी पाहावे. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय असते. त्यावरील उपकरणे बहुधा शाळेच्या मुख्य जाळ्यापासून अलग ठेवलेली असतात. काही राउटरवर उपकरणांना एकमेकांपासून अलग ठेवण्याचीही सोय असते. ती बंद करावी.

दुसरी गोष्ट अशी, की ज्या वायफायवर इंटरनेट नाही ते निरुपयोगी समजून काही उपकरणे परस्पर सिमकार्डाच्या मोबाईल डेटाकडे वळतात. त्या वाटेने शाळेचा लॅपटॉप सापडणे शक्य नसते. यास्तव तासिकेच्या वेळी मोबाईल डेटा बंद ठेवावा आणि ‘ह्या वायफायवर इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहावे काय’ अशा अर्थाची विचारणा आल्यास होकार द्यावा.

ब्राउझरमध्ये पान उघडते पण ॲप चालत नाही, असेही कधी घडते. त्याचे कारण बहुधा ॲपच्या रचनेत असते. २०१८ साली आलेल्या अँड्रॉइड ९ पासून, त्या आवृत्तीसाठी किंवा पुढील आवृत्त्यांसाठी बनविलेल्या ॲप्सना साध्या एचटीटीपी पद्धतीने बोलण्यास मुळात मनाई असते. स्वतः ॲप बनविणाऱ्या शिक्षकांनी ॲपच्या सुरक्षाविषयक नोंदीत शाळेच्या सर्व्हरपुरता अपवाद करावा, तसेच इंटरनेट वापरण्याची परवानगी नोंदविली आहे ना हे पाहावे. जाळे स्थानिक असले तरी ही परवानगी लागते. आयफोन व आयपॅड यांवर २०२० सालच्या आयओएस १४ पासून स्थानिक जाळे वापरण्यास ॲप वापरकर्त्याची अनुमती विचारते. ती नाकारली गेली असल्यास सेटिंग्जमध्ये जाऊन द्यावी.

दोष शोधण्याचा क्रम

पुढील चार पायऱ्या ह्याच क्रमाने तपासाव्यात.

१. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ व पोर्ट लिहून पाहावे. पान न उघडल्यास सेवाच चालू नाही किंवा पोर्ट चुकला आहे.

२. लॅपटॉपवरच ‘लोकलहोस्ट’च्या जागी त्याचा आयपी पत्ता लिहावा. पहिली पायरी साधून ही न साधल्यास, पत्ता चुकला आहे किंवा सेवा केवळ स्वतःच्याच संगणकाचे ऐकत आहे.

३. तोच पत्ता टॅबलेटच्या ब्राउझरमध्ये लिहावा. येथे अडल्यास फायरवॉल, वेगळे वायफाय किंवा मोबाईल डेटा यांकडे पाहावे.

४. शेवटी ॲप उघडावे. येथेच अडल्यास ॲपमध्ये लिहिलेला पत्ता व एचटीटीपीची परवानगी तपासावी.

चुकीच्या निरोपाचाही उपयोग होतो. ‘जोडणी नाकारली’ असा निरोप लगेच आल्यास मागणी बहुधा कोणत्या तरी उपकरणापर्यंत पोहोचलेली असते, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नसते. बराच वेळ थांबून ‘वेळ संपली’ असे आल्यास मागणी वाटेतच अडली आहे किंवा पत्ताच चुकला आहे, असे बहुधा समजावे.

ॲप काढून टाकून पुन्हा बसविणे हा पहिला उपाय कधीही करू नये. मुलांनी सोडविलेली उत्तरे टॅबलेटमध्ये साठलेली असून ती लॅपटॉपकडे जावयाची राहिली असतील, तर ॲपबरोबर तीही नाहीशी होतात. मुलाने मन लावून केलेला अभ्यास असा पुसला गेला, की त्याचा हिरमोड होतो.

पत्ता कायम ठेवणे

काल चालणारी जोडणी आज बंद पडली, तर लॅपटॉपचा पत्ता बदलला आहे काय ते प्रथम पाहावे. राउटर पत्ते ठराविक मुदतीपुरतेच देतो व वीज जाऊन आल्यावर ते बदलू शकतात. राउटरच्या सेटिंग्जमध्ये लॅपटॉपसाठी एक पत्ता राखून ठेवता येतो. हे काम एकदाच करावे आणि तो पत्ता व पोर्ट कपाटाच्या दारावर आतून लिहून ठेवावा, म्हणजे एक शिक्षक रजेवर असले तरी दुसऱ्यांची अडचण होत नाही. ॲप स्वतः बनविणाऱ्यांनी पत्ता आत कायमचा न कोरता तो बदलण्याची सोय ठेवावी. तसेच तासिका चालू असताना लॅपटॉप आपोआप निद्रिस्त होणार नाही, अशी व्यवस्था करावी.

सावधगिरी

साध्या एचटीटीपीवरून जाणारी माहिती गुप्त स्वरूपात जात नाही. त्यामुळे शाळेच्या वायफायला सहज ओळखता न येणारा पासवर्ड असावा व तो गावभर सांगितला जाऊ नये. बाहेरील इंटरनेटवरून शाळेच्या लॅपटॉपपर्यंत येण्याची वाट राउटरमध्ये उघडू नये. मुलांची नावे, गुण व हजेरी ही शाळेकडे सोपविलेली ठेव आहे. ती शाळेच्या भिंतींच्या आत राहते, हा स्थानिक जाळ्याचा एक मोठा गुण असून तो जपला पाहिजे.

शिक्षकांनी ही चार पायऱ्यांची तपासणी शाळा सुटल्यावर, मुले समोर नसताना, एका टॅबलेटवर करून पाहावी. वरच्या वर्गातील दोन-चार मुलांनाही ती शिकवावी. पत्ता, पोर्ट व पहारा ह्या गोष्टी मुलांना लवकर उमगतात, आणि पुढे जोडणी अडल्यास तासिका वाया न जाता दोष कोठे आहे हे तीच शोधून सांगू लागतात.