बेंबीच्या व्रणाची लाज कसली?

बेंबी म्हणजे तरी काय? आईशी जोडणारी नाळ जिथे होती, तिथला व्रण. नाळेचा उरलेला तुकडा साधारण आठ-पंधरा दिवसांत वाळून गळतो आणि खाच राहते. म्हणजे माणसाचा पहिला व्रण गरीब-श्रीमंत सर्वांच्या अंगावर असतोच. मग दुसऱ्या व्रणाची लाज कसली?

तरीही आपल्या माताभगिनी तो लपवतात. आरोग्य शिबिरात आम्ही केसपेपर लिहायला बसतो, तेव्हा गुडघेदुखी, बीपी मोकळेपणाने सांगितले जाते. बेंबीचे दुखणे मात्र उठता उठता हळूच सांगतात. कुणाचे हर्नियाचे ऑपरेशन झालेले असते, कुणाचे कुटुंबनियोजनाचे दुर्बिणीने, कुणी लहानपणी भाजलेली असते. बेंबी सपाट होते, वाकडी ओढली जाते किंवा तिथे कडक व्रण वाढतो. परकराची नाडी घासली की आग होते.

यावर इलाज आहे. प्लास्टिक सर्जन खराब व्रण काढतात. शेजारचीच कातडी मुळापासून न तोडता आत वळवून पोटाच्या घट्ट पडद्याला टाक्यांनी बसवतात. खाच पुन्हा तयार होते. ती बुजू नये म्हणून काही दिवस आत औषधी बोळा ठेवतात. काम लहान असेल तर जागा बधिर करूनही होते.

ही श्रीमंतांची हौस आहे असे समजू नका. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये १७९४ साली पुण्याकडची एक हकिकत छापून आली. कावसजी नावाच्या बैल हाकणाऱ्याचे कापलेले नाक कपाळाची कातडी वळवून पुन्हा घडवले होते. घडवणारा विटा पाडणाऱ्या जातीतला होता. कष्टकऱ्याच्या हातची ती विद्या, कष्टकऱ्याच्याच देहासाठी!

मात्र घाई करू नका. ताजा व्रण मऊ पडायला सहा महिने ते वर्ष लागते. व्रण जखमेच्या बाहेर वाढत चालला असेल, तर त्याला केलॉईड म्हणतात. तो नुसता कापला तर बहुधा पुन्हा येतो, कधी आधीपेक्षा मोठा. त्याला स्टेरॉईडची इंजेक्शने, सिलिकॉनची पट्टी यांची जोड लागते. खोकताना बेंबी फुगत असेल तर आधी हर्नियाची तपासणी करा. पू येत असेल किंवा पाळीच्या दिवसांत तिथून रक्त येत असेल, तरी डॉक्टरांना दाखवा. फुगवटा कडक होऊन दुखू लागला, उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

जाहिरात पाहून खासगी दवाखान्यात कर्ज काढून जाऊ नका. मुंबईत केईएम, सायन, जे.जे. येथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. केवळ दिसण्यासाठीची शस्त्रक्रिया सरकारी योजनेत सहसा बसत नाही. पण दुखणे किंवा हर्निया असेल तर इस्पितळातल्या आरोग्यमित्राला जरूर विचारा. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि जुन्या ऑपरेशनचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. आणि भगिनींनो, डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, उठता उठता नको.