अपघातग्रस्त जहाजाची उचल व दुरुस्ती

टक्कर, आग, स्फोट इत्यादींमुळे मोठी हानी झालेले जहाज वर काढणे आणि ते पुन्हा वापरायोग्य करणे, हे दोन स्वतंत्र निर्णय असतात. बंदरात बुडालेले जहाज जलमार्ग किंवा धक्का अडवते आणि त्यातील तेलामुळे प्रदूषणाचा धोका असतो. म्हणून दुरुस्तीची आशा नसतानाही ते उचलावे लागते. दुरुस्तीचा निर्णय मात्र खर्च, जहाजाचे वय आणि सांगाड्याची स्थिती यांवर अवलंबून असतो.

विमा कायद्यातील निकष

व्यापारी जहाजांसाठी भारतात सागरी विमा अधिनियम, १९६३ लागू आहे. त्याच्या कलम ६० नुसार, दुरुस्तीचा खर्च दुरुस्तीनंतरच्या जहाजाच्या मूल्यापेक्षा अधिक होणार असल्यास जहाजाची संपूर्ण हानी झाल्याचे मानता येते. जहाज वाचवण्यासाठी पुढे येणारा खर्चही या हिशेबात धरला जातो. अशा वेळी मालक जहाज विमा कंपनीच्या स्वाधीन करून पूर्ण भरपाई मागू शकतो. युद्धनौकांना बाजारभाव नसल्याने त्यांची उर्वरित सेवा आणि नवी नौका बांधण्यास लागणारा काळ विचारात घ्यावा लागतो.

मुंबईतील उदाहरणे

आयएनएस विंध्यगिरी : १९८१ मध्ये नौदलात दाखल झालेली ही फ्रिगेट ३० जानेवारी २०११ रोजी मुंबई बंदरात नॉर्डलेक या मालवाहू जहाजावर आदळली. तिला आग लागली आणि नौदल गोदीत आणल्यावर ती बुडाली. तिला वर काढण्यात आले. तथापि २०१२ मध्ये ती सेवानिवृत्त झाली.

आयएनएस सिंधुरक्षक : रशियात आधुनिकीकरण झालेल्या या पाणबुडीत १४ ऑगस्ट २०१३ रोजी नौदल गोदीत स्फोट होऊन १८ नौसैनिक मृत्युमुखी पडले. जून २०१४ मध्ये तिला वर काढले गेले, परंतु ती पुन्हा सेवेत आली नाही. २०१७ मध्ये तिला अरबी समुद्रात खोल पाण्यात बुडवण्यात आले.

आयएनएस बेतवा : २००४ मध्ये दाखल झालेली ही सुमारे ३,८५० टनांची फ्रिगेट ५ डिसेंबर २०१६ रोजी गोदीतून बाहेर काढली जात असताना आधारांवरून घसरून कलंडली. दोन नौसैनिकांचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिला सरळ उभे करण्यात आले आणि दुरुस्तीनंतर ती सेवेत परतली.

तुलना

तीव्र उष्णतेने पोलादाची ताकद घटते, तर खाऱ्या पाण्यात बुडालेली यंत्रे व विद्युत तारा वर आल्यावर हवेच्या संपर्काने वेगाने गंजतात. विंध्यगिरी सुमारे तीस वर्षे जुनी होती आणि आग व पाणी या दोन्हींचा तिला फटका बसला होता. सिंधुरक्षकवर नुकताच मोठा खर्च झाला होता; परंतु झालेला खर्च परत मिळत नसल्याने असा निर्णय पुढील खर्च व त्यातून मिळणारी सेवा यांवरच घ्यावा लागतो. बेतवा तुलनेने नवी होती आणि तिच्यावर आग किंवा स्फोटाचा आघात झालेला नव्हता.