जुन्या गाडीला आतून नवा रंग

दसऱ्याला आपण गाडी धुतो, पुसतो, झेंडूचा हार घालतो. बाहेरून ती अजून छान दिसते, पण दार उघडलं की वय लपत नाही. काचेच्या बटणांभोवती नखांचे ओरखडे, गिअरशेजारची सोललेली चंदेरी पट्टी, पिवळट पडलेलं बेज प्लास्टिक. बाबांची गाडी मुलांच्या हाती येते तेव्हा इंजिन ठणठणीत असतं, पण आत बसावंसं वाटत नाही. जुन्या मॉडेलचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. अशा वेळी घरच्या घरी रंग देणं हा चांगला मार्ग आहे. बाहेरचा रंग बदलला तर आरसीत नोंद करावी लागते. आतल्या पट्ट्यांना तीही भानगड नाही.

कशाला हात लावायचा नाही

स्टीअरिंगच्या मधला भाग, डॅशबोर्डवर डावीकडचं झाकण, आणि 'एअरबॅग' किंवा 'एसआरएस' असं लिहिलेला कुठलाही भाग रंगवायचा नाही. खिडक्यांमधल्या खांबांवरही ही अक्षरं असू शकतात. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, पण त्याआधीच्या अनेक गाड्यांतही ती असते. अपघातात हे झाकण ठरलेल्या रेषेवर फाटून फुगा बाहेर येतो. रंगाच्या थरामुळे ते नीट फाटलं नाही किंवा थिनरने प्लास्टिक कमकुवत झालं, तर जीव वाचवणारी वस्तूच घात करेल. या भागांच्या आसपासची पट्टी काढायची असेल, तर गाडीचं मॅन्युअल पाहून काम मेकॅनिककडेच द्या.

डॅशबोर्डच्या वरच्या भागाला चकचकीत रंगही नको. उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं आणि रस्ता नीट दिसत नाही. स्टीअरिंगची कडा आणि गिअरची मूठ रोज हाताळली जाते, तिथला रंग लवकर उडतो. दारावरच्या पट्ट्या, मधल्या कन्सोलची चौकट, एसीच्या जाळीभोवतीची कड यांपासून सुरुवात करा.

प्लास्टिक कोणतं?

पट्टी काढल्यावर तिची मागची बाजू पाहा. तिथे बारीक अक्षरांत 'एबीएस' किंवा 'पीपी' असं कोरलेलं असतं. एबीएसवर रंग सहज बसतो. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. स्वयंपाकघरातल्या ज्या डब्यांच्या तळाशी त्रिकोणात ५ आकडा असतो, तेच हे प्लास्टिक. त्याचा पृष्ठभाग मेणासारखा असतो, त्यावर काहीच धरून बसत नाही. म्हणून पीपीवर आधी 'अ‍ॅढीजन प्रमोटर' नावाचा पारदर्शक स्प्रे मारावा लागतो. तो टाळला, तर काही महिन्यांत रंग सालीसारखा निघतो.

खरं काम सफाईचं

वर्षानुवर्षं डॅशबोर्डला जे पॉलिश लावतो, त्यात बहुतेकदा सिलिकॉन असतं. त्याचा अंश राहिला की ओल्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. भांड्यांच्या साबणाने पट्टी दोनदा धुवा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. काही गाड्यांतल्या मऊ, रबरासारख्या थराला दमट हवेत चिकटपणा येतो. गोव्यासारख्या ठिकाणी हा अनुभव अनेकांना येतो. तो थर अल्कोहोलने खरवडून पूर्ण काढा. चिकट्यावर नवा रंग टिकत नाही.

मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी वापरून, हलक्या हाताने घासा. नुसती चमक घालवायची आहे. पुन्हा पुसल्यावर मात्र बोटं लावू नका, हाताचं तेलही पुरतं.

रंगाचे हात

पीपी असेल तर प्रमोटर, नंतर प्लास्टिकचा प्रायमर, मग रंग. कॅन दीड-दोन मिनिटं हलवा आणि २०-२५ सेंटिमीटरवरून मारा. पहिला हात इतका पातळ असू द्या की खालचं प्लास्टिक दिसत राहील. १०-१५ मिनिटांच्या अंतराने तीन-चार पातळ हात मारा. एकच जाड हात दिला की ओघळ ठरलेला. कॅनवर वेगळ्या वेळा लिहिल्या असतील तर त्याच पाळा. शेवटी मॅट क्लिअर कोट दिला की मूळच्या प्लास्टिकसारखा पोत येतो.

पावसाळ्यात हे काम काढू नका. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. इंदूर-बडोद्याच्या मे महिन्यातल्या दुपारीही नको, कारण थेंब पट्टीवर पोचेपर्यंत अर्धवट वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. दसऱ्यानंतरची कोरडी, सौम्य हवा उत्तम. काम गच्चीवर किंवा अंगणात, आडोशाला करा. विद्राव्यांच्या वाफा रोखणारा फिल्टरचा मास्क वापरा, नुसता रुमाल पुरत नाही. हार्डनर मिसळायचा, दोन भागांचा रंग घरी वापरू नका. त्यातले आयसोसायनेट फुफ्फुसांना घातक असतात.

रंग अर्ध्या तासात हाताला कोरडा लागतो, पण पुरता कडक व्हायला काही दिवस जातात. किमान एक दिवस थांबून पट्ट्या बसवा आणि आठवडाभर त्यांना घासू-पुसू नका. सुरुवातीला दारं उघडी ठेवून वास जाऊ द्या.

आधी कमी दिसणारी एखादी पट्टी करून पाहा. ती मनासारखी झाली की मग समोरच्या भागांना हात घाला. आणि पुढे डॅशबोर्ड पुसायला ओलं फडकं पुरेसं आहे, ते चमकदार पॉलिश आता दुकानातच राहू द्या.