आमची फियाट आणि सासूबाईंचं पानशेत

आमच्या घरात पहिली मोटार आली ती 1986 साली, दसऱ्याच्या दिवशी. फियाट. दुधी रंगाची, आठ वर्षं वापरलेली. कागदोपत्री ती 'प्रीमियर पद्मिनी' होती. पण ते नाव आम्ही कधी तोंडात घेतलं नाही. पुण्यात काय किंवा मुंबईत काय, ती गाडी म्हणजे फियाटच.

तिच्या आधी आमच्या घराचं वाहनविश्व एका स्कूटरवर आणि माझ्या लुनावर उभं होतं. स्कूटरवर चौघं मावत. धाकटी पुढं उभी, थोरला आम्हा दोघांच्या मध्ये आणि मी मागं, मांडीवर पिशवी घेऊन. त्या काळी पुण्यात हे दृश्य कुणी मान वळवूनही बघत नसे. पण सासूबाई त्यात कुठंच मावत नव्हत्या. गुडघे धरलेले, त्यामुळं स्कूटरवर बसणं शक्य नाही. रिक्षानं सारसबागेपर्यंत जायचं म्हटलं तरी, "उगाच कशाला पैसे?" हे ठरलेलं. आम्ही लग्नकार्याला जायचो, आणि त्या गॅलरीतून हात हलवायच्या.

गाडी घ्यायची कल्पना माझी. मी बँकेत नोकरीला होते. पगाराच्या फरकाची रक्कम हाती आली होती, उरलेले पैसे आमच्या कर्मचाऱ्यांच्या पतपेढीतून उचलले आणि अठ्ठावीस हजारांचा सौदा ठरवला. आमचे हे म्हणाले, "पांढरा हत्ती दारात बांधतेयस. चालवणार कोण?" मी म्हटलं, "मी!" यावर ते हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं नमूद केलं पाहिजे. त्यांनी फक्त चहाचा कप खाली ठेवला.

मारुती 800 रस्त्यावर येऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती. 1983च्या डिसेंबरात ती आली आणि मोटार म्हणजे श्रीमंतांचं काम, ही समजूत हळूहळू ढिली पडू लागली. पण नवी मारुती आमच्या आवाक्यात नव्हती. जुनी फियाट होती. आणि फियाटबद्दल आमच्या पिढीला एक घरगुती आपुलकीही होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट गाड्या तयार होऊ लागल्या. पन्नाशीच्या दशकातल्या त्या गुबगुबीत मॉडेलला लोकांनी 'डुक्कर फियाट' असं नाव ठेवलं होतं. त्यात हेटाळणीपेक्षा लाडच जास्त होता. पुढं सत्तरीच्या दशकात गाडीचं नाव 'पद्मिनी' झालं. 1089 सीसीचं इंजिन, चार गिअर आणि गिअरचा दांडा खाली नव्हे, स्टिअरिंगच्या दांड्यालाच डाव्या हाताला. पुढची सीट सलग, बाकासारखी. त्या बाकावर तिघं बसत, लहान मूल असेल तर चौथंही.

मी स्वारगेटजवळच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. सकाळी साडेसहाची वेळ. शिकवणारे गृहस्थ शांत होते. पण मी क्लच सोडला की त्यांचा हात आपोआप खिशातल्या जपमाळेकडं जाई. संगम पुलाजवळच्या आरटीओत आठचा आकडा काढून दाखवला आणि लायसन्स मिळालं. तरी पर्वतीच्या चढावर गाडी थांबवायची वेळ आली, की थोरला दार उघडून खाली उडी मारी आणि मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावी. माझ्या हँडब्रेक लावण्यावर घरच्यांचा भरवसा नव्हता. तो ठोकळा गाडीइतकाच आमच्या कुटुंबातला सदस्य होता.

हिवाळ्यातल्या सकाळी चोक ओढून तिची मनधरणी करावी लागे. नाहीच ऐकलं तर सोसायटीतले दोन-तीन जण मागून ढकलत. दात घासता घासताही लोक मदतीला येत. एकदा गाडी सुरू झाली की सगळे टाळ्या वाजवत आणि मी न थांबता (थांबले तर पुन्हा बंद पडेल या धास्तीनं) हात हलवत तशीच पुढं निघून जाई. आभार मानायला संध्याकाळी वडी घेऊन जायचं, हा रिवाज पडला होता.

गाडीचा पहिला मान अर्थातच सासूबाईंचा. सारसबागेतला गणपती, चतु:शृंगी, तांबडी जोगेश्वरी अशी सगळी देवदर्शनं झाली. मग एक दिवस भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "अगं, तुझी गाडी पानशेतपर्यंत जाईल का?"

मी चमकले. आमच्या घरात पानशेत हा शब्द कुणी सहज उच्चारत नसे. 12 जुलै 1961ला सकाळी पानशेतचं नवं, पुरतं पक्कं न झालेलं मातीचं धरण फुटलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकून ते धरून ठेवलं, म्हणून निदान दिवसाउजेडी फुटलं. पाठोपाठ खडकवासलाही गेलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. सासूबाईंचं बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. संसार अर्ध्या दिवसात गेला. नंतर काही काळ निसेन हटमध्ये काढला आणि मग पूरग्रस्तांच्या सोसायट्या उभ्या राहिल्या तेव्हा सहकारनगरात घर झालं. पंचवीस वर्षं उलटली तरी पावसाळा लागला की सासूबाई कागदपत्रांची पेटी माळ्यावर ठेवायला लावत. आमचं घर टेकडीच्या पायथ्याशी. तिथं पाणी येणार कुठून? पण पेटी वर जायचीच.

1987 साली 12 जुलै रविवारीच आला होता. आम्ही पाचही जण निघालो. बाहेर भुरभुर पाऊस. सासूबाई पुढच्या बाकावर खिडकीशी, मांडीवर फिरकीचा तांब्या आणि एक कापडी पिशवी. त्रिकोणी काच तिरकी करून त्या वारा घेत होत्या. खडकवासल्याला मुलांनी भाजलेली कणसं मागितली, ती घेतली. पुढं डोणजे फाटा ओलांडला आणि थोड्या वेळानं बॉनेटमधून वाफ येऊ लागली. चूक सर्वस्वी माझी. निघायच्या गडबडीत रेडिएटरचं पाणी बघायचं राहिलं होतं. यांनी काही न बोलता छत्री उघडली, ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. इंजिन निवू दिलं. सासूबाईंनी तांब्या पुढं केला. "घे. गाडीलाही तहान लागते, माणसासारखीच." तांब्याभर पाणी पुरेना, म्हणून थोरला शेजारच्या ओहोळातून आणखी तीनदा भरून आणत राहिला.

धरणाशी पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता. पुन्हा बांधलेलं ते धरण आंबी नदीवर डोंगरांच्या कुशीत शांत पडलेलं होतं. सासूबाई माझ्या हाताचा आधार घेऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. "मला वाटलं होतं, मोठी काळी भिंत असेल," त्या म्हणाल्या, "हे तर टेकाडासारखं दिसतं. वर गवत आहे." मग त्यांनी पिशवीतून खण आणि नारळ काढला. जिनं घर नेलं त्या नदीची ओटी भरायला त्या आल्या होत्या. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. "तिचा काय दोष? घाई माणसांनी केली," एवढंच म्हणाल्या.

परतताना मुलं मागं झोपली होती. सिंहगड रस्त्यावर, समोर बघतच, सासूबाई बोलू लागल्या. पुराच्या चार दिवस आधी वाड्यातल्या शेजारणीनं गावाला जाताना पाटल्यांची डबी त्यांच्याकडं ठेवायला दिली होती. पाणी आलं तेव्हा त्यांनी मुलाला उचललं आणि बाहेर पडल्या. डबी फडताळात राहिली. पुढं शेजारीण कधी एका शब्दानं बोलली नाही. पण सासूबाईंनी त्यांच्या दारात जाणं सोडलं. हळदीकुंकू नाही, संक्रांत नाही. सव्वीस वर्षं. "हा तेव्हा सात वर्षांचा होता," मागं बसलेल्या यांच्याकडं न बघता त्या म्हणाल्या. "डबी घ्यायला वळले असते तर..."

यांनी ही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली. मागून बराच वेळ काही आवाज आला नाही.

मी विचारलं, "कुठं असतात त्या आता?"

"लोकमान्यनगरात. असल्या तर."

दांडेकर पुलाशी आलो. घरी जायचं तर तिथून वळायचं. मी वळले नाही. सरळ लोकमान्यनगरात गाडी घातली. चिखलानं माखलेली फियाट तीन ठिकाणी पत्ता विचारत एका इमारतीखाली उभी राहिली आणि थोरल्यानं सवयीनं ठोकळा लावला. तळमजलाच होता, हे आमचं नशीब. दार उघडलं एका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाईंनी. त्यांनी सासूबाईंकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आलात होय? मी म्हटलं, आता कधी येताय!"

सासूबाईंनी पाटल्यांचं वाक्य सुरू केलं, ते त्यांनी पुरं होऊच दिलं नाही. "अहो, अख्खा वाडा गेला आणि तुम्ही पाटल्या कसल्या धरून बसलात? पोर वाचलं ना?" मग यांच्याकडं वळून, "हाच ना तो? केवढा झाला!" चाळीशीकडं झुकलेले, टक्कल पडू लागलेले आमचे हे खाली वाकून पाया पडले. पोहे झाले, चहा झाला. निघताना दोघी एकमेकींना कुंकू लावत कितीतरी वेळ दारात उभ्या होत्या.

त्यानंतर महिन्यातून एकदा सहकारनगर ते लोकमान्यनगर ही आमच्या फियाटची ठरलेली फेरी झाली. अंतर फार नाही. पण गुडघे धरलेल्या बाईला ते सव्वीस वर्षं ओलांडता आलं नव्हतं, आणि दोष काही गुडघ्यांचा नव्हता.

1995 साली सासूबाई गेल्या. पुढच्याच वर्षी आम्ही फियाट विकली. तिचे सुटे भाग तेव्हा सहज मिळत. पण मुलांना आता नवी गाडी हवी होती. 2000च्या सुमारास तिचं उत्पादनही थांबलं. 2023च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी निवृत्त झाल्याची बातमी वाचली, तेव्हा अमेरिकेतून थोरल्याचा फोन आला. "आई, ठोकळा अजून आहे का गं?"

आहे. गॅलरीचं दार वाऱ्यानं आपटू नये, म्हणून लावतो. शेजारीच कट्ट्यावर फिरकीचा तांब्याही आहे. आणि पावसाळा लागला, की कागदपत्रांची पेटी माळ्यावर आता मी ठेवायला लावते.