चिरणे आणि कापणे

सुतारकामात चिरणे आणि कापणे ही दोन वेगळी कामे आहेत. लाकडाच्या लांबीच्या दिशेने करवत चालवली तर ते चिरणे: ओंडक्याच्या फळ्या निघतात, रुंद फळीच्या पट्ट्या होतात. लांबीला आडवी चालवली तर ते कापणे, आणि त्याने फळी आखूड होते. बोलताना दोन्हींना सरसकट कापणे म्हटले जाते; करवतीचे दात मात्र ही ढिलाई खपवून घेत नाहीत.

कारण लाकडाच्या घडणीत आहे. खोडातले तंतू मुळाकडून शेंड्याकडे गेलेले असतात, घट्ट बांधलेल्या गवताच्या पेंढीसारखे. ते एकमेकांपासून सोडवणे सोपे, मधोमध तोडणे अवघड. सरपण उभे फुटते ते यामुळेच. फोडताना मात्र भेग तंतूंच्या मागे जाते, गाठ आली की वळते. चिरताना करवतीने सुताराच्या रेघेवरच राहायचे असते, लाकडाची मर्जी काहीही असो.

चिरायच्या करवतीच्या दाताची पुढची कड जवळजवळ उभी असते आणि कानस पात्याला काटकोनात धरून तिला धार दिलेली असते. असा प्रत्येक दात म्हणजे एक चिमुकली पटाशी. तो तंतूंच्या दिशेने बारीक छिलके काढत जातो. छिलके लांबट निघतात, त्यांना जागा हवी, म्हणून दात मोठे आणि मधल्या खाचा खोल. कापायच्या करवतीचे दात कानस तिरकी धरून घासलेले, चाकूच्या टोकासारखे असतात. एकाआड एक दात डावीउजवीकडे किंचित वाकवलेले असल्याने टोकांच्या दोन ओळी तंतूंवर दोन समांतर चिरा पाडतात आणि मधला भाग भुसा होऊन निघतो. दात वाकवणे चिरायच्या करवतीतही असते. त्याशिवाय पाते लाकडात अडकेल.

अदलाबदल केली की फरक लगेच दिसतो. चिरायची करवत आडवी चालवल्यास तंतू तुटण्याऐवजी उपटले जातात आणि कडेला कुसे उठतात. कापायच्या करवतीने चिरता येते, पण खाचांत भुसा दाटतो आणि हात दुखून येतो.

आखणीही निराळी. लांब चिरण्यासाठी रंगात बुडवलेले सूत ताणून फटकारतात, कापण्यासाठी गुण्या लावून रेघ ओढतात. हातकरवत चिरताना फळीशी सुमारे ६० अंशांत धरतात, कापताना सुमारे ४५. चिरताना फट मिटू लागली तर तिच्यात पाचर ठोकतात. कापताना सुटणारा तुकडा हाताने धरतात, नाहीतर शेवटचे तंतू फाटतात.

यंत्रावरही भेद टिकून आहे. १० इंची गोल पात्याला चिरण्यासाठी साधारण २४ ते ३०, तर कापण्यासाठी ६० ते ८० दात असतात. प्लायवूडमध्ये एकाआड एक थर आडवा असतो. पाते कुठूनही घातले तरी काही तंतू आडवे येतातच, म्हणून त्याला बारीक दातांचे पातेच लागते.